हातचा एक

लीड्स,
२३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होत असताना पत्र कशाला, असं बाबा विचारतील. कारण असं की, ‘खोलीचं कुठवर आलं?’ या तुमच्या प्रश्नाला मी गेले सात आठवडे ‘होतंय’ एवढंच उत्तर देतेय, आणि दहावीला ‘अभ्यास होतोय’ म्हणायचे तेव्हाचाच संशय आता आईच्या गप्प बसण्यात ऐकू येतोय. शिवाय पाकिटात भिंतीचे पाच तुकडे घातलेत, ते फोनवरून दाखवून कळत नाहीत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने आकडा घातलाय. पाकीट ओसरीवर उघडा, भुगा पडेल.

मेमध्ये तुम्ही येणार त्या खोलीची ही गोष्ट. वरच्या मजल्यावरची, रस्त्याकडची. घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, या खोलीला काय, रंगाचा एक हात दिला की झालं. भिंतीचा रंग मॅग्नोलिया. नाव फुलाचं आणि रंग कालच्या साबुदाण्याच्या खिरीचा. इंग्लंडमध्ये भाड्याचं एकही घर या रंगातून सुटलेलं नाही. त्याचंही चाललं असतं, पण त्या रंगाखाली बारीक बारीक पुरळ होतं. अख्ख्या भिंतीला घामोळं आल्यासारखं. ईराने पहिल्याच दिवशी हात फिरवून विचारलं, “आई, भिंतीला पावडर लावायची का?”

तोच तुकडा क्रमांक एक. हात फिरवून बघा. याला इथे वुडचिप म्हणतात. कागदाच्या थरात लाकडाचा चुरा दाबून बसवतात. ह्यूगो एरफुर्ट नावाच्या जर्मन औषध-व्यावसायिकाने १८६४ साली हे शोधून काढलं, आणि सुरुवातीला ते दुकानांच्या काचांमागची सजावट म्हणून वापरत. भिंतीवर ते नंतर चढलं. इथल्या लोकांनी साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघर लावलं, कारण त्याच्या खडबडीत अंगाखाली भिंतीतली कसलीही भेग, खड्डा, पाप लपतं. आणि एकदा लावलं की निघत नाही. त्यावर दर चार वर्षांनी रंग चढवायचा. रंगाचे थर इतके होतात की वरून ओतलेलं पाणी कागदापर्यंत पोचतच नाही, आणि पाणी पोचलं नाही तर मागची खळ सुटत नाही. म्हणजे सगळा प्रश्न आतल्या खळीला वरून पाणी पाजायचं कसं, हा.

मी म्हटलं, राहू दे. घामोळ्यावर रंग देऊ. नीरज म्हणाला, “छे, दोन शनिवारांचं काम आहे. मी व्हिडिओ बघितलेत.” (आई, जावयाबद्दल तू फोनवर जे अर्धं वाक्य बोलून थांबलीस, ते मी पूर्ण ऐकलं.)

दसऱ्याला मुहूर्त केला. नीरजने हत्यारं आणली होती. भिंतीला भोकं पाडायचं एक दाताळ चाकांचं यंत्र आलं होतं. ते मी हातात घेतलं आणि हसूच आलं. करंजीचं कातणं! तेच चाक, तेच दाते, फक्त किंमत पाचपट. भिंतीवर दाबून गोल गोल फिरवायचं, म्हणजे रंगाच्या कातडीला बारीक छिद्रं पडतात आणि पाणी आत शिरतं. हलक्या हाताने फिरवायचं असतं. नीरजने ते अशा त्वेषाने फिरवलं की पहिल्या तासात खालच्या चुन्यालाही नक्षी पडली. मग मी म्हटलं, हे बायकांचं काम आहे, दे इकडे. पंचवीस वर्षं दिवाळीला तुझ्याशेजारी बसून करंज्या कातल्या, ती विद्या लीड्सच्या भिंतीवर कामी येईल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर गरम पाणी. पलीकडच्या आजींनी सांगितलं, त्यात कपडे मऊ करायचं औषध घाला, कागद आपोआप उतरतो. दोन बाटल्या घातल्या. कागद उतरला नाही, पण खोलीला नुकत्याच धुतलेल्या टॉवेलचा वास यायला लागला. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंबही तेवढंच काम करतात, हे मला नंतर कळलं. खरं काम करते ती वाफ. यंत्र भाड्याने आणलं. एका डब्यात पाणी उकळतं, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला ताटाएवढी चौकोनी थाळी. ती थाळी भिंतीला लावायची आणि अर्धं मिनिट धरून ठेवायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे मी आजवर म्हण म्हणून ऐकलं होतं. आता नवऱ्याच्या रूपात पाहिलं. न्हावी बिचारा रिकामा तरी होता, आमच्या न्हाव्याच्या दुसऱ्या कानाला ऑफिसची मीटिंग चालू होती.

वाफेने काय झालं? पहिल्या पंधरा मिनिटांत धुराचा भोंगा वाजला. त्याला वाफ आणि धूर यांतला फरक कळत नाही. खिडकी उघडली तर बाहेर चार अंश, आत मोदकपात्र. वरून थंड थेंब मानेवर, हातावर कढत पाणी कोपरापर्यंत. आणि मग तो वास आला. बाबा, तुम्ही असता तर डोळे मिटून ओळखला असता. ओल्या, आंबट, जुन्या मैद्याच्या खळीचा वास! पुस्तकं बांधायला बसायचात तेव्हा घरभर यायचा ना, तोच. फक्त तुम्ही कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचात, ते यांनी घातलं नव्हतं. आता इथे जी पूड मिळते तिच्यात बुरशीनाशक आधीच घातलेलं असतं. मी त्या वाफेत क्षणभर वाईला जाऊन आले. नीरज म्हणाला, काहीतरी मेलंय वाटतं भिंतीत.

खरवडायला विकतचं पातं होतं, पण ते दोन दिवसांत बोथट झालं. शेवटी स्वयंपाकघरातलं आपलं लोखंडी उलथनं आणलं. आई, तू दिलेलं. त्याची कड अशी काही बसते कागदाखाली की विचारू नकोस. आता ते डोसे उलथायला परत घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय, तेव्हा येताना दुसरं घेऊन ये.

एक रविवार इथली मराठी मंडळी मदतीला आली. तुम्ही पापडांना बायका जमवायचात तशी. पाच घरांतली अकरा माणसं, त्यातले चार डॉक्टर. काम कमी आणि मतं फार. दातांच्या डॉक्टर आहेत त्या मात्र एकही शब्द न बोलता कोपऱ्यात बसल्या आणि बारीक हत्याराने तासाभरात तळहाताएवढा तुकडा इतका स्वच्छ केला की आरसा. म्हणाल्या, “टार्टरच आहे गं. फक्त पेशंट ओरडत नाही.” बाकीचे दहा जण मिळून भजी खाऊन गेले. जाताना एकजण दारात उभा राहून म्हणाला, “ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, तुम्हाला नुसती सोलता येईना?” त्याला पुढच्या वेळी भजी नाहीत.

वुडचिपखाली तुकडा क्रमांक दोन निघाला. बसून बघा. नारिंगी, त्यात चॉकलेटी वर्तुळं, वर्तुळांत पिवळी फुलं, एकेक फूल पुरणपोळीएवढं. हा प्लॅस्टिकचा हात दिलेला कागद. याची वरची कातडी दुधावरच्या सायीसारखी अख्खी निघते आणि मागे पातळ पांढरा कागद राहतो. या एका थराने आम्हाला छळलं नाही. पलीकडच्या आजींना तुकडा दाखवला तर त्या खुर्चीत मागे टेकून हसायला लागल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, जन्म याच गल्लीतला. म्हणाल्या, “१९७४. त्यांनी मला खास बघायला बोलावलं होतं. मी म्हटलं, किती प्रसन्न! पन्नास वर्षं मी ते खोटं पोटात ठेवलंय.”

तिसरा करडा, त्यावर काळ्या-लाल रेघांचे तारे आणि ठिपके. हा मला आवडला. याच्यासारख्या नक्षीचा इथे एक इतिहास आहे. १९५१ साली लंडनला ब्रिटन महोत्सव भरला, तेव्हा शास्त्रज्ञांकडून स्फटिकांच्या रचनेचे नकाशे घेऊन त्यांवरून पडदे, गालिचे आणि भिंतीचे कागद काढले होते. हेलन मेगॉ नावाच्या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंचा त्यात पुढाकार. इन्शुलिनच्या नक्षीचा कागद! आमचा काही तो खरा नव्हे, त्या लाटेवरची स्वस्तातली नक्कल असणार. तरी बाबा, विश्वकोशाच्या कचेरीवरून फिरायला जाल तेव्हा कुणी ओळखीचे भेटले तर दाखवा. तुमची साखर मोजताना ज्याचं नाव घेता ते इन्शुलिन इथे लोकांनी दिवाणखान्यात लावलं होतं, एवढं सांगितलंत तरी तासभर गप्पा होतील.

चौथा थर बघून मात्र तुमचा हिरमोड होईल. फिकट लापशीच्या रंगाचा, कणीदार. तीसच्या दशकात या रंगाची टूम होती आणि लोक त्याला लापशीच म्हणत. वरच्या कडेला शरदातल्या पानांची तांबडी पट्टी. थंडी, धूर, कोळसा, लापशी. खोलीतही तीच, ताटातही तीच.

मध्ये एक भीतीचं प्रकरण झालं, ते तुम्हाला तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. शेकोटीशेजारच्या भिंतीतल्या कपाटात आत एक टीचभर जुना तुकडा सापडला, वार्निश दिलेला, हिरव्या पानांचा. त्याच रात्री नीरजने वाचलं की एकोणिसाव्या शतकातल्या हिरव्या कागदांत सोमल असायचा. शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबं आणि सोमल यांतून एक हिरवा रंग केला, तो आणि त्याचे भाऊबंद पुढे घराघरांत भिंतींवर गेले. सेंट हेलेनावर नेपोलियन जिथे राहिला तिथल्या भिंतीच्या कागदाचा एक तुकडा पुढे तपासला, त्यातही सोमल निघाला. झालं. नीरज रात्री दोनला उठून बसला, “माझ्या पोटात दुखतंय.” मी म्हटलं, नेपोलियनला कोल्हापुरी मिसळीचं पाकीट मिळत नव्हतं, तू रात्री आख्खं खाल्लंस. (त्याच्या मरणाचं कारणही बहुतेक जाणकार पोटाचा कर्करोगच मानतात.) आमचं घर १८९० नंतरचं, तोवर सोमलाचे रंग बरेचसे मागे पडले होते. तरी तो तुकडा मी मास्क लावून ओला करून काढला, आणि तो पाकिटात घातलेला नाही. लाकडी पट्ट्यांवरच्या जुन्या रंगात शिसं निघालं. ते खरवडायचं नाही, त्यावर नवा रंग द्यायचा, असं ठरवलं. छताच्या खरखरीत लेपाचा नमुना अ‍ॅस्बेस्टॉससाठी तपासून घेतला, तो स्वच्छ आला. ईराला त्या दिवसांत खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. काळजी करू नका.

नीरजचं वाचन तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण आता जेवताना तो इतिहास सांगतो. १७१२ साली राणी अ‍ॅनच्या राज्यात छापील कागदावर चौरस यार्डाला एक पेनी कर बसला. लोक हुशार. कोरा कागद भिंतीला चिकटवायचा आणि मग त्यावर नक्षी छापायची, म्हणजे कर चुकला. सरकारही हुशार. १८०६ मध्ये या कराचा खोटा शिक्का मारण्याला देहदंड ठेवला. भिंतीच्या कागदापायी फाशी! कर शेवटी १८३६ साली गेला. हे ऐकल्यापासून ईरा कागदाला हात लावण्याआधी विचारते, “आई, फाशी नाही ना?”

आता भिंत पडली त्याविषयी.

बाबा, तुम्ही व्हिडिओवर म्हणाला होतात, थाळी एका जागी धरू नका, चुना सुटेल. मी ऐकलं. मीटिंगमधल्या माणसाने ऐकलं नाही. शेकोटीवरच्या भागात थाळी लावून तो ‘येस, येस, अ‍ॅब्सोल्यूटली’ करत राहिला आणि तेवढ्यात कागदाबरोबर परातीएवढा गिलावा खाली आला. ऑफिसच्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला. एकीने विचारलं, तुमच्याकडे भूकंप होतो का?

पडलेल्या ढेकळातून केस बाहेर आले होते. ईरा किंचाळली. तुम्ही मात्र फोन जवळ घ्यायला सांगितलात आणि पहिल्यांदाच जावयाच्या भिंतीकडे कौतुकाने पाहिलंत. चुन्याचा गिलावा, त्यात जनावरांचे केस कालवलेले, भेगा पडू नयेत म्हणून. आपल्या वाड्याच्या भिंतीत तेच काम तागाने केलंय, आणि वर गूळ, हिरडा, बेलफळ. घाणीवर बैल फिरवून चुना मळायचे, ते तुम्ही नीरजला पाऊण तास सांगितलंत. बांधकाम खात्यातल्या तीस वर्षांत तुम्हाला इतका लक्ष देऊन ऐकणारा इंजिनियर मिळाला नसेल. मग तुम्ही त्याला भिंत बोटांच्या पेरांनी वाजवायला लावलीत. कलिंगड बघतात तशी. “इथे भरीव. इथे भरीव. इथे पोकळ, खडूने खूण कर.” सातासमुद्रापलीकडून कानाने भिंत तपासणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. इथला कारागीर आला, त्याने वाजवून बरोबर त्याच तीन ठिकाणी फुल्या मारल्या. त्यानेही तेच सांगितलं जे तुम्ही सांगितलं होतंत: सिमेंट नको, वर प्लॅस्टिकचा रंग नको, चुन्याला चुनाच, म्हणजे भिंतीतली ओल बाहेर येत राहील. फक्त त्याने त्याचे पैसे घेतले. शिवाय तो म्हणाला की या गल्लीत निम्म्या घरांत कागद भिंतीला धरून नसतो, भिंतच कागदाला धरून उभी असते.

आणि रंगाचं ऐका. आपण दिवाळीआधी पिंपात चुना भिजवून, नीळ आणि डिंक घालून कुंच्याने फासायचो, ‘टेकू नका रे, पाठ पांढरी होईल’ म्हणून ओरडा खायचो, तो रंग इथे आता फॅशनमध्ये आहे. लहानशा डब्यात मिळतो. किंमत सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणजे त्यांनी तुम्हाला चुना लावला.” हे वाक्य मी इंग्रजीत समजावायचा प्रयत्न केला. सोडून दिला.

दिवाळी त्या धुळीतच झाली. इथे भिंतीवर छतापासून हातभर खाली एक लाकडी पट्टी असते, चित्रं टांगायची. आमच्याकडे चित्रं नव्हती, तिला आकाशकंदील टांगला. अर्धी सोललेली भिंत, चार जन्मांचे कागद लोंबतायत आणि त्यात कंदील. नाशिकच्या सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, घर पाडताय का?

शेवटी सांगायचं ते आईसाठी आहे. चष्मा लाव.

लापशीचा थर काढताना दाराच्या मागच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या वेगळ्याच निघाल्या. बाकी सगळी खोली कणीदार लापशी आणि तिथे साडेतीन फूट रुंद भाग निळ्या फुलांचा. तुकडा क्रमांक पाच. का? शोभेला म्हणावं तर कोपऱ्यात, दारामागे कोण शोभा करतं? तीन दिवस आम्ही तर्क लढवले. मग उलथन्याने खिडकीजवळचा तुकडा उचलला आणि उघड्या चुन्यावर पेन्सिलीने लिहिलेला हिशेब दिसला. असे हिशेब कागद लावणारे भिंतीवरच करतात, म्हणे. खाली ‘सप्टेंबर १९३६’. मी फोटो पाठवला तेव्हा घाईत होते, म्हणून इथे पुन्हा लिहिते:

१४, १४, १२, १२. खाली रेघ. ४२.
४२ भागिले १¾, २४.
२४ भागिले ४, ६.

फोटो पाठवून मी चहा टाकला. उतू जायच्या आत तुझा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “हातचा विसरलाय!”

आई, पस्तीस वर्षं पाचवी-सहावीच्या वह्या तपासल्याचं सार्थक झालं. चार आणि चार आठ, दोन आणि दोन चार, बारा. बाराचे दोन लिहिले, हातचा एक. तो एक गेला कुठे? बावन्नाचे बेचाळीस झाले. कागदाचा रोल २१ इंच रुंद, म्हणजे पावणेदोन फूट, आणि ३३ फूट लांब. आजही इथला रोल १०.०५ मीटरचा असतो, तो या मापाचाच वारस. पट्टी साडेसात फुटांची, एका रोलमध्ये चार. म्हणून गृहस्थाने सहा रोल आणले, चोवीस पट्ट्या. मग तू दार तीन फूट आणि खिडकी चार फूट वजा करायला सांगितलीस. उरले पंचेचाळीस. पावणेदोनाने भागले तर पंचवीस आणि थोडं, म्हणजे सव्वीस पट्ट्या हव्या. दोन कमी! आणि दोन पट्ट्यांची रुंदी बरोबर साडेतीन फूट. “दारावरचा आणि खिडकीवरचा तुकडा उरलेल्या कापातून काढला असेल,” हेही तू वर सांगितलंस. नीरज टेपने निळी फुलं मोजून आला आणि त्याने फोनला हात जोडले.

पलीकडच्या आजींनी उरलेलं सांगितलं. त्या लहान असताना या घरात एक जोडपं राहायचं, मूलबाळ नव्हतं. तो ट्रॅमवर कंडक्टर. त्या कोपऱ्यात एक अवाढव्य कपाट होतं आणि ती बाई ते कधी कुणाला हलवू द्यायची नाही. झाडायलासुद्धा नाही. आजींना वाटायचं, मागे पैसे असतील.

तुझं त्यावर म्हणणं, कंडक्टर आणि हातचा विसरतो? म्हणूनच लीड्सची ट्रॅम १९५९ मध्ये बंद पडली! मग थोड्या वेळाने तुझ्यातली बाई जागी झाली आणि तू त्याची बाजूही घेतलीस. त्यांचे पैसे तेव्हा बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. दिवसभर बाराचे आणि विसाचे हातचे धरणाऱ्या माणसाला घरी येऊन दहाचा धरायचा, एखादा निसटायचाच. आपल्याकडेही आणे-पै जाऊन १९५७ मध्ये नवे पैसे आले, तेव्हा तुझे आजोबा दुकानात असेच चुकायचे, ही गोष्ट तू मला कधी सांगितली नव्हतीस. भिंत सोलल्याशिवाय ती निघाली नसती.

पण गुण द्यायच्या वेळी मात्र दया नाही. तू ईराला फोनवरून सांगितलंस: चूक आहे त्याला गोल कर, शेजारी बरोबर उदाहरण सोडव आणि दहापैकी तीन दे, रीत बरोबर आहे म्हणून. तिने लाल स्केचपेनने केलं. बावन्न, तीस, आठ रोल, आणि त्याखाली ३/१०. त्या बिचाऱ्याला नव्वद वर्षांनी निकाल लागला. दारं-खिडक्या वजा करायच्या ती विसरली, पण तिला तू पूर्ण गुण दिलेस. नात ती.

आता गिलाव्याची ठिगळं वाळतायत. घाई करू नका असं कारागीर म्हणाला आणि बाबाही म्हणाले, त्यामुळे तो विषय बंद. येताना उलथनं, भाजणी, आणि बाबांचा कुंचा मिळाला तर तोही. इथले ब्रश चुन्याला अगदीच नाजूक आहेत. बाबा, साखर वेळेवर तपासा.

सौ. मेघनाचा सा. न.
ईराचा गोड पापा. नीरज नमस्कार सांगतो, आणि भिंत वाजवून दाखवतो.

ता. क. पाकीट बंद करायच्या आत कळवायला हवं म्हणून लिहिते. काल नमुना म्हणून खिडकीकडच्या भिंतीला चुन्याचा पहिला हात दिला. सुंदर पांढरी झाली. सकाळी उठून बघतो तर ईराचे ३/१० गुलाबी होऊन वर आलेत. दुपारी दुसरा हात दिला. संध्याकाळी पुन्हा आले, आणि शेजारचा बावन्नही. स्केचपेनची शाई पाण्याच्या रंगातून अशीच वर येते, म्हणे. नीरज म्हणतोय, उगाच वैताग नको, तेवढ्या भागापुरता कागद लावू. दोन पट्ट्या पुरतील.

तुमचं कपाट तिथेच ठेवतोय. आल्यावर ते हलवू नका.